हरलं की वाढवायचं

ईशान, सई, तुम्हा दोघांना मराठी वाचता येतं, पण अडखळत. म्हणून वाक्यं छोटी ठेवते आहे. मागे एकदा फोनवर ईशानने विचारलं होतं, "आजी, तू कॉलेजात नेमकं काय शिकवायचीस?" मी म्हटलं, संख्याशास्त्र. तो म्हणाला, "म्हणजे आकडे गोळा करणं?" त्या दिवशी मला कंटाळा आला होता. हो म्हणून फोन ठेवून दिला. आता या दिवाळी अंकासाठी नोकरीतलं काहीतरी लिहा म्हणून संपादक मागे लागले आहेत, तर ते उत्तर इथे नीट देते. तुम्ही वाचाल, आणि इतरांनी वाचलं तरी माझी हरकत नाही.

मी शिकवलं ते संभाव्यतेचं शास्त्र. एखादी गोष्ट घडेल की नाही हे सांगता येत नसेल, तर घडण्याची शक्यता किती, हे मोजायचं. एवढंच. माझं शिक्षण हैदराबादला इंग्रजी शाळेत झालं, लग्नानंतर अंबाजोगाईला आले आणि इथल्याच एका कॉलेजात निवृत्त होईपर्यंत फळ्यापुढे उभी राहिले. पुस्तकं इंग्रजी, त्यामुळे उदाहरणंही तिकडचीच. नाणं उडवा, फासा टाका, पत्त्यांच्या जोडातून राणी काढा. मुलं उतरवून घ्यायची, परीक्षेत लिहायची, पास व्हायची. शास्त्र वहीत राहायचं आणि मुलं घरी जायची.

पण गावात एक समजूत पसरली, की कॉलेजातल्या त्या बाईंना ‘लागणार की नाही’ याचं गणित येतं. ही समजूत मला शेवटपर्यंत पुसता आली नाही. लोक घरी यायचे. आमचे यजमान दार उघडून आत वळून म्हणायचे, "तुमचं गिऱ्हाईक आलंय."

उमापूरकडचे एक जमीनदार आले होते. पांढरे कपडे, बाहेर जीप. पंचायत समितीच्या निवडणुकीत तीनदा पडले होते. दर खेपेला आधीच्या दुप्पट खर्च करायचा, असा त्यांचा नेम. "मॅडम, तीनदा पडलोय. आता चौथ्यांदा लागायचे चान्स किती ते कागदावर काढून द्या. बायको जमीन विकू देईना." मी सांगितलं, असं काढता येत नाही. ते म्हणाले, "कावून? तीनदा पडलेल्याची लोकांना दया येत न्हाई का?" त्यात तथ्य होतं. मतदाराला मागची निवडणूक आठवते. नाण्याला आठवत नाही. माणसांना हा फरक समजावताना माझं अर्धं आयुष्य गेलं.

दुसरे घाटनांदूरचे, टपाल खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. ते घोड्यांच्या रेसवर पैसे लावायचे, पण फक्त मनातल्या मनात. पेपरात निकाल बघायचे. हरले की पुढचा डाव एका पायरीने वाढवायचा, जिंकले की एका पायरीने उतरवायचा. खिशातला एक रुपयाही गेला नव्हता. तरी मनातला तोटा वाढत गेला आणि त्यांचं जेवण तुटलं. त्यांच्या बायको मला म्हणाल्या, "बाई, तुम्ही सांगा हो ह्यांना, की हे पैसे न्हाईतच म्हणून." मी सांगितलं. ते गंभीरपणे म्हणाले, "ते मला बी माहिती हाय. पण भरून तर काढाय पायजे ना?"

तेव्हा मी हसले होते. विलास आला तेव्हा हसू आलं नाही.

विलास माझा जुना विद्यार्थी. बी.एस्सी. झाला, नोकरी मिळाली नाही, म्हणून कॉलेजच्या रस्त्यावर झेरॉक्स आणि मोबाइल रिचार्जचं दुकान टाकलं. स्वभावाने गोड. म्हाताऱ्या माणसांचे फॉर्म फुकट भरून द्यायचा. त्यामुळे रस्त्यावरच्या लोकांची भिशी आपोआप त्याच्याकडे आली. भाजीवाल्या, कॉलेजचे शिपाई, मेसच्या बायका असे सगळे त्यात.

तुम्ही भिशी पाहिलेली नाही. समजा, वीस माणसं दर महिन्याला सारखी रक्कम घालतात. डब्यात नावांच्या चिठ्ठ्या. ज्याची चिठ्ठी निघेल त्याने त्या महिन्याचे सगळे पैसे न्यायचे आणि ती चिठ्ठी फाडून टाकायची. पुढच्या महिन्यात उरलेल्या नावांतून काढायची. पहिला नंबर चिठ्ठीशिवाय भिशी चालवणाऱ्याचा, हा रिवाज. कुणाला शेवटचा हवा असेल तर तो आधीच सांगून ठेवतो. विलासच्या भिशीत शेवटचा नंबर रुक्मिणबाईंनी मागून घेतला होता. त्या मेसमध्ये स्वयंपाक करायच्या. मुलगी बारावी होणार, तिला नर्सिंगला घालायचं, त्याच वेळी रक्कम हातात पडावी असा त्यांचा हिशोब.

एका दुपारी विलास घरी आला, तेव्हा माझ्या डोक्यात भिशीचं काही नव्हतं. पाणी प्याला आणि म्हणाला, "मॅडम, एक पद्धत बसवलीय. तुमी नुसती तपासून द्या."

पद्धत घोड्यांच्या रेसची होती. आमच्या जिल्ह्यात रेसकोर्स नाही. रेस पुण्या-मुंबईकडे होतात आणि इथली माणसं फोनवरून चोरून पैसे लावतात. विलासने रेसचा घोडा प्रत्यक्ष पाहिलेला नव्हता, वरातीतला तेवढा पाहिला होता. त्याची पद्धत अशी: ज्या घोड्यावर सगळ्यांचा भर असतो, त्या फेव्हरेटवरच लावायचं. सुरुवात शंभराने. जिंकला तर शंभर सुटले, पुन्हा शंभरापासून सुरू. हरला तर पुढच्या रेसला दोनशे. पुन्हा हरला तर चारशे. कधीतरी जिंकणारच, आणि जिंकला की मागचं सगळं भरून निघून वर शंभर उरणार.

"आणि मॅडम, बसतंय," तो म्हणाला. "कितीतरी महिने झाले. दर आठवड्याला थोडं का होईना, घरी येतंयच."

पद्धत जुनी आहे. जगात सगळीकडे कुणी ना कुणी ती नव्याने शोधून काढतो आणि प्रत्येकाला आपण पहिलेच असं वाटतं. मी त्याला बेरीज करायला लावली. सात वेळा ओळीने हरलास तर? त्याने पटपट दुप्पट करत नेलं. आठव्या रेसला बारा हजार आठशे लावावे लागतात, आणि तोवर बारा हजार सातशे गेलेले असतात.

"म्हणजे पंचवीस हजारांवर रक्कम घोड्याच्या पाठीवर ठेवायची," मी म्हटलं, "आणि मिळवायचे किती?"

"शंभर," तो म्हणाला. मग जरा थांबून, "पन सात वेळा ओळीनं कोण हरतंय, मॅडम?"

"जो बराच काळ खेळतो तो. तुझी पद्धत रोज थोडं देते आणि एखाद्या दिवशी सगळं नेते. तो दिवस आला नाही म्हणून तुला ती चांगली वाटते. आणि भाव बरोबरीपेक्षा कमी असला, म्हणजे शंभराला शंभर सुटत नसले, तर दुप्पट लावूनही तोटा भरून निघत नाही."

"भाव बघूनच लावतो मी."

"आणि पैसे? बारा हजार आणशील कुठून?"

"सोय हाय," तो म्हणाला.

"कुणाचे?"

"माझेच, मॅडम." आणि त्याने माझ्याकडे न बघता चहा संपवला.

जाताना पाया पडला. मी तपासून दिलं, असा त्याने बाहेर समज करून दिला हे मला नंतर कळलं. ‘मॅडमनी बेरीज बघितली’ एवढंच तो म्हणाला म्हणे. ते खोटंही नव्हतं.

नंतर जूनमधली गोष्ट. एका शुक्रवारी सकाळी रुक्मिणबाई दारात आल्या. त्या कधी बसत नाहीत, त्या दिवशी पायरीवरच बसल्या.

"मॅडम, विलास तुमचा इद्यार्थी ना?"

"हो. काय झालं?"

"माझा नंबर हाय ह्या महिन्याला. समद्यांनी पैसे भरले. मी भाजीवालीला इचारलं, शिपायाला इचारलं. भरले म्हणत्यात. ह्यो देईना. आज देतो, सांच्याला देतो. पोरीची फी सोमवारी भरायची हाय. न्हाई भरली तर जागा जाती. फोन केला की म्हनतो, मावशी, रेंज न्हाई. अन् दुकान कुणाचं? मोबाइलचं!"

मी फोन केला. माझा फोन त्याने उचलला. दुपारी ये म्हटलं, तर आला. रुक्मिणबाई आत स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या राहिल्या, बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

त्याने फार काही लपवलं नाही. भिशीचे पैसे महिन्याच्या सुरुवातीला गोळा व्हायचे आणि ठरल्या तारखेला द्यायचे. मधले काही दिवस रक्कम त्याच्या ताब्यात असायची. ती त्याची ‘सोय’. वरच्या पायऱ्या चढायची वेळ आली की त्यातून लावायचं, जिंकलं की परत ठेवायचं. असं करत आधीच्या सगळ्यांचे पैसे वेळेवर दिले होते. कुणाला पत्ता नव्हता. या महिन्यात फेव्हरेट घोडे ओळीने हरत गेले.

"सगळे गेले?" मी विचारलं.

"गेले. पन मॅडम, आता एकच पायरी. रविवारी रेस हाय. तुमी मला एकदाच द्या, सोमवारी सकाळी मावशीच्या हातात ठेवतो."

"माज्या लेकराची फी घोड्याला घातली व्हय रं भाड्या?" रुक्मिणबाई दारातून म्हणाल्या. आवाज चढला नव्हता.

"मावशी, थांबा की जरा. येणारच हाय."

"विलास," मी म्हटलं, "इतक्या वेळा हरल्यावर पुढच्या खेपेला जिंकशील असं तुला का वाटतं? वर्गात मी हे शिकवलं होतं. तुला पैकीच्या पैकी मार्क होते."

"नाण्याचं शिकवलंतं, मॅडम. ते ठीक हाय. पन इथं किती दिस ऱ्हाईल? नावं संपत आली की."

"कुणाची नावं?"

तो गोंधळला. "म्हंजे नावं न्हाई. पन नंबर जवळ आलाय ना."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. हा मुलगा लहानपणापासून आईच्या भिशीत वाढला, आणि मोठेपणी स्वतः डबा हलवत बसला. ज्याला आजवर लागली नाही त्याची शक्यता दर महिन्याला वाढते, शेवटी तर खात्रीच होते, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. भिशीत ते अगदी खरं आहे. तोच नियम तो रेसला लावत होता. म्हणून दर हरण्याबरोबर त्याची हिंमत वाढत होती. नाणं आणि फासा त्याच्या आयुष्यात कधी नव्हतेच. मी त्याला परक्या घरातली उदाहरणं देत होते.

मी डाळीचा एक डबा रिकामा केला. दहा चिठ्ठ्या करायला लावल्या. एकीवर ‘जिंकला’, बाकी नऊवर ‘हरला’.

"आधी भिशीसारखं. काढ."

त्याने काढली. हरला.

"फाड. आता किती उरल्या?"

"नऊ."

"म्हणजे ‘जिंकला’ जवळ आला. बरोबर. आता ती परत लिहून डब्यात टाक. रेससारखं. काढ."

हरला.

"घडी घालून परत टाक. किती झाल्या?"

"धा."

"पुन्हा काढ. हरला? टाक परत. आता किती?"

"धाच," तो म्हणाला. आणखी एकदा काढली, परत टाकली, आणि हात डब्यातच ठेवून बसला.

"रेसमध्ये कुणी चिठ्ठी फाडत नाही, विलास. दर रविवारी डबा पुन्हा भरलेला असतो. तुझा नंबर जवळ येत नाही. फक्त रक्कम वाढते."

मग त्याने स्वतःच्या शब्दांत मला सगळं परत सांगितलं, आणि मी इतकी वर्षं वर्गात सांगितलं त्यापेक्षा चांगलं सांगितलं. माझ्या पूर्ण नोकरीत माझं शिकवणं समोरच्याच्या चेहऱ्यावर उमटलेलं मी तेव्हाच एकदा बघितलं.

"मॅडम," रुक्मिणबाई म्हणाल्या, "तुमच्या चिठ्ठ्या झाल्या असतील तर माज्या चिठ्ठीचं बोला. सोमवार परवाच्या पल्याड हाय."

मग व्यवहाराचं ठरलं. विलासने झेरॉक्सचं मशीन विकायचं. शिकवणी वर्ग चालवणारा एक माणूस ते घ्यायला तयार होताच. जेवढे येतील तेवढे शनिवारी रुक्मिणबाईंना द्यायचे, कमी पडतील ते मी घालायचे, ते मला त्याने सवडीने फेडायचे. मी बँकेत जाऊन माझा हिस्सा काढूनही आणला. विलासने मान डोलावली. डोळ्यांत पाणी होतं. रुक्मिणबाईंनी त्याला चहा करून दिला, माझ्याच स्वयंपाकघरात, आणि कप जरा आपटूनच ठेवला.

शनिवारी तो आला नाही. फोन बंद. मशीन विकलं गेलं होतं, एवढं कळलं. रविवारी मी दोनदा दुकानापर्यंत चालत गेले, कुलूप होतं. रुक्मिणबाईंना मी सांगितलं, माझे पैसे आहेत, त्यात तुमच्या मेसमधून काही उचल मिळते का बघू. त्या म्हणाल्या, "इचारून झालं. न्हाई म्हनले." त्यांची मुलगी अंगणात उभी होती. कागदपत्रांची पिशवी तिने पोटाशी धरली होती, जणू फी आताच भरायची आहे.

सोमवारी सकाळी विलास आला. हातात पेढ्यांचा पुडा. रुक्मिणबाईंच्या ओंजळीत त्याने पूर्ण रक्कम ठेवली, एक रुपया कमी नाही. मशीनचे सगळे पैसे त्याने रविवारी लावले होते. घोडा जिंकला होता.

मुलीची फी भरली. ती नर्सिंगला आहे, चांगलं चाललं आहे. हे आधीच सांगते, म्हणजे तुम्ही काळजी करणार नाही.

विलास दुपारी मला भेटायला आला, तेव्हा मी पेढा घेतला नाही.

"तुला कळलं होतं ना, त्या दिवशी?"

"कळलं होतं, मॅडम. आई शप्पथ. तुमचं गणित खरं हाय." मग ओशाळल्यासारखा हसला. "पन घोडा बी खरा निघाला की."

"हरला असता तर?"

"हरला न्हाई ना पन."

याला माझ्या शास्त्रात उत्तर आहे, पण ते ऐकणाऱ्याच्या खिशात पैसे असताना ऐकू येत नाही. एकदा जिंकणं म्हणजे पुरावा नव्हे. वर्गात हे वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहीत असे. मी त्याला म्हटलं, एक कर. गोळा झालेले पैसे वाटेपर्यंत तू स्वतःकडे ठेवू नकोस, दुसऱ्या कुणाकडे दे. तो दुखावला. "मॅडम, लोकांचा माझ्यावर इश्वास हाय." तेही खरं होतं. आता तर आधीपेक्षा जास्त. रस्त्यावर बातमी पसरली होती की विलासने मशीन विकलं, पण मावशीचे पैसे बुडवले नाहीत. हे ऐकून भिशीत नवी माणसं आली. मी एक-दोघांना खरं काय ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि एकाने मला हळूच विचारलं, "कोणता घोडा हुता?"

काही दिवसांनी रुक्मिणबाई आल्या. नवी भिशी सुरू होत होती. मुलीच्या पुढच्या वर्षाच्या फीसाठी त्यांनी पुन्हा शेवटचा नंबर मागितला होता.

"रुक्मिणबाई, तुम्ही? तुमच्या डोळ्यांदेखत झालं ना सगळं?"

"झालं. पन दिले ना त्यानं?"

"निदान लवकरचा नंबर घ्या."

"लवकर घेतले की घरात ऱ्हात न्हाईत, मॅडम. नवऱ्याला कळतंय, दिराला कळतंय. शेवटचेच बरे."

"मग दर महिन्याला माझ्याकडे आणून ठेवा. मागितलेत तरी मी देणार नाही."

त्यांनी माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "राग नका धरू. विलास तरणा हाय. तुमचं आता वय काय सांगावं?"

मी मोठ्याने हसले. ईशान, माणूस आणखी किती जगेल याच हिशोबाचे विमा कंपन्या पगार देतात.

शेवटी मी त्यांना पोस्टात घेऊन गेले. दर महिन्याला थोडे थोडे भरायचं खातं मुलीच्या नावाने उघडलं. खिडकीपाशी त्या बराच वेळ घुटमळल्या. मग ठरवलं: अर्धे पैसे पोस्टात आणि अर्धे विलासकडे. भिशीत दोघींनी मिळून एक नंबर घेता येतो, तशी त्यांनी भाजीवालीबरोबर अर्धी भिशी धरली. "दोन्हीकडं थोडं थोडं असावं," म्हणाल्या. एका माणसाला पूर्ण समजलं आणि त्याने ऐकलं नाही. दुसरीने समजून घेतलंच नाही आणि अर्धं ऐकलं. माझ्या शिकवण्याचा हिशोब लावायचा तर असा आहे.

नवी भिशी चालू आहे. विलासने नवं मशीन घेतलं. आता तो शंभराऐवजी पाचशेपासून सुरुवात करतो, असं मला त्याच्या दुकानातल्या एका गिऱ्हाइकाकडून कळलं. संध्याकाळी फिरायला जाताना मी त्या रस्त्याने जाते. तो आतून हात उंचावून नमस्कार करतो आणि मी त्याच्या चेहऱ्यावरून रविवार कसा गेला ते वाचायचा प्रयत्न करते. हसरा दिसला तर तो आता सुरुवातच आणखी मोठ्या रकमेने करेल, याची भीती वाटते. उतरलेला दिसला तर रुक्मिणबाईंच्या अर्ध्या पैशांची. त्याचा घोडा जिंकावा की हरावा, यातलं काय मागावं हे मला अजून ठरवता आलेलं नाही.